विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरील कोल्हापूर आणि जैन बोर्डिंग

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या उलथापालथीचा विषय निघाला की वंगभंग, स्वदेशीची चळवळ, १९०८ चा लोकमान्यांवरील खटला, पहिले महायुद्ध हीच नावे प्रथम डोळ्यांपुढे येतात. ती यावयासही हवीत. तथापि त्याच वीस-पंचवीस वर्षांत दक्षिण महाराष्ट्रात एक निराळे परिवर्तन घडत होते. त्याची रणभूमी सभेचे मैदान नव्हती, न्यायालयही नव्हते. ती होती विद्यार्थी वसतिगृहाची भोजनाची पंगत. कोणी कोणाशेजारी बसावे, कोणाच्या हातचे पाणी प्यावे, बाहेरून आलेल्या मुलाने स्नान करावे की नाही, एवढ्याशा वाटणाऱ्या प्रश्नांवर कोल्हापूर संस्थान त्या काळी ढवळून निघाले. या मंथनात जैन समाजाचा वाटा मोठा आहे. तो सर्वस्वी गौरवाचाच आहे असे नाही, आणि म्हणूनच सुवर्णमहोत्सवासारख्या प्रसंगी त्याचे स्मरण अधिक उचित ठरते.

शाहू महाराजांनी २ एप्रिल १८९४ रोजी राज्यकारभाराची सूत्रे हाती घेतली, तेव्हा त्यांचे वय अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्या वर्षी दरबारच्या सामान्य प्रशासनात ७१ अधिकारी होते. त्यांपैकी ६० ब्राह्मण आणि उरलेल्या सर्व जाती-धर्मांचे मिळून ११. व्यापारी मनुष्य कोणत्याही पेढीची प्रकृती तिच्या ताळेबंदावरून ओळखतो. या दोन आकड्यांवरून तरुण राजाने आपल्या संस्थानाची प्रकृती ओळखली. हा दोष कोणा एका जातीच्या दुष्टपणाचा होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षण ज्यांच्या घरी पोहोचले होते त्यांच्याच हाती नोकऱ्या गेल्या होत्या. प्रश्न हा होता की, उरलेल्यांच्या घरी शिक्षण पोहोचावे कसे?

खेड्यातील मुलगा मराठी चार इयत्ता कशाबशा गावात शिके. पुढील इंग्रजी शिक्षण कोल्हापुरात. तेथे राहावे कोठे आणि जेवावे कोठे? ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरीचा किंवा वार लावून जेवण्याचा आधार होता. मराठा, लिंगायत, मुसलमान, महार, चांभार या मुलांना तो नव्हता. जैन मुलाची अडचण तर आणखी निराळी होती. सूर्यास्तापूर्वी भोजन, गाळलेले पाणी, कंदमूळ वर्ज्य, हा आचार पाळून त्याला खानावळीत जेवू कोण घालणार? दक्षिण महाराष्ट्रातील जैन हा बहुतांशी शेतकरी. मुलाला शिकवावे ही इच्छा असूनही केवळ आचारभ्रष्टतेच्या भयाने कित्येक घरांनी मुले शाळेतून काढून नांगराला जुंपली असतील, याची कल्पना करता येते.

महाराजांनी १८९६ च्या सुमारास राजाराम महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचे एकत्र वसतिगृह काढून पाहिले. हेतू उदात्त होता, परंतु प्रयोग फसला. काही काळातच तेथे केवळ ब्राह्मण विद्यार्थीच उरले. त्यावरून महाराजांनी असा व्यवहारी निष्कर्ष काढला की, आज एका पंगतीचा आग्रह धरला तर पंगतच उठून जाते. तेव्हा प्रत्येक समाजाला प्रथम त्याच्या स्वतःच्या चुलीवर जेवू घालावे, शिकू द्यावे. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग स्थापन झाले. त्याच वर्षी दिगंबर जैन बोर्डिंगचा पाया घातला गेला. पुढे लिंगायत व मुस्लिम समाजांची आणि नंतर एकामागून एक इतर समाजांची वसतिगृहे उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळेच. जातवार वसतिगृहे काढून महाराजांनी जातीच बळकट केल्या, असा आक्षेप त्या काळीही घेतला जात असे. आक्षेप अगदीच निराधार नव्हता, हे पुढील कथेवरून दिसेल. परंतु आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी कुणब्याच्या पोराला आपल्या ओसरीवर जेवू घातले होते, हाही प्रश्न विचारावयास हवा.

जैन बोर्डिंगच्या पाठीशी समाजाची स्वतःची संघटना होती. ३ एप्रिल १८९९ रोजी निपाणीजवळील स्तवनिधी या क्षेत्री दक्षिण महाराष्ट्र जैन सभेची स्थापना झाली होती. चतुर्थ, पंचम, कासार अशा पोटजातींत विभागलेला, परस्परांत बेटीव्यवहार नसलेला समाज एका मांडवाखाली बसला, हीच त्या वेळी मोठी गोष्ट होती. मुंबईचे दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांचा मदतीचा हात या कार्याला लाभला. आणि या सर्व उभारणीत अग्रभागी होते अण्णासाहेब बाबाजी लठ्ठे. कुरुंदवाडला १८७८ मध्ये जन्मलेले, एम. ए., एल्‌एल. बी. झालेले, राजाराम महाविद्यालयात इंग्रजीचे प्राध्यापक आणि जैन बोर्डिंगचे व्यवस्थापक. १९०५ साली जैन धर्माचा परिचय करून देणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. समाजातील जुन्या मताच्या पंडितांना हा इंग्रजी शिकलेला सुधारक मानवत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचे दुष्परिणाम दिसणार आहेत.

याच काळात वेदोक्ताचे प्रकरण पेटले. १८९९ मध्ये पंचगंगेवरील स्नानप्रसंगी राजपुरोहित आपल्यासाठी वेदोक्त नव्हे तर पुराणोक्त मंत्र म्हणतो, हे महाराजांच्या निदर्शनास आले. छत्रपतींच्या गादीवरील राजालाही शूद्र लेखले जात असेल, तर सामान्य रयतेची काय कथा? वाद चिघळला, राजोपाध्यांचे इनाम जप्त झाले, पुण्याच्या वृत्तपत्रांनी पुरोहितांचा पक्ष उचलून धरला. या वादाचा जैनांशी प्रत्यक्ष संबंध नव्हता. पण त्यातून जो निर्णय जन्मास आला त्याचा होता. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज सातव्या एडवर्डच्या राज्यारोहण समारंभानिमित्त विलायतेत असताना, करवीरच्या गॅझेटमध्ये हुकूम प्रसिद्ध झाला. यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्यात. मागासलेले म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून उरलेले सर्व. हुकमातील एक कलम विशेष लक्षणीय आहे. प्रत्येक खातेप्रमुखाने केलेल्या नेमणुकांचा तक्ता दर तीन महिन्यांनी सादर करावा. नुसता ठराव करून हा राजा थांबला नाही, त्याने हिशेब मागितला. ठराव आणि हिशेब यांत किती अंतर असते हे संस्था चालविणाऱ्यांना सांगावयास नको.

स्वदेशी चळवळीच्या वाऱ्याने कोल्हापूरही तापले होते. शिवाजी क्लबातील तरुण, प्रा. विष्णू गोविंद विजापूरकर यांचे समर्थ विद्यालय, त्यांच्यावरील राजद्रोहाचा खटला, हे सारे याच गावात घडले. एकीकडे परकीय सत्तेविरुद्ध संताप, दुसरीकडे स्वकीयांच्या विषमतेविरुद्ध संताप, आणि त्या दोहोंमध्ये ब्रिटिश रेसिडेंटला तोंड देत राज्य करणारा राजा. त्या काळच्या घटनांकडे पाहताना या गुंत्याचे भान सुटता कामा नये.

आता मुख्य प्रसंग. कुंभोज येथे २२ सप्टेंबर १८८७ रोजी जन्मलेला, मूळचा ऐतवडे बुद्रुकच्या पाटील घराण्यातील भाऊराव पायगोंडा पाटील हा मुलगा १९०२ साली कोल्हापूरच्या राजाराम हायस्कुलात दाखल झाला आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागला. अभ्यासात त्याची गती बेताची. कुस्ती, मल्लखांब आणि पोहणे यांत मात्र अव्वल. अस्पृश्यांना विहिरीवर पाणी भरू देत नाहीत म्हणून या मुलाने बालपणी त्या विहिरीचा रहाटच मोडून टाकला होता. असा विद्यार्थी कोणत्याही व्यवस्थापकाच्या डोक्याला तापच.

१९०८ साली महाराजांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह स्थापिले. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या कन्येचे, मिस क्लार्कचे, नाव त्याला देण्यात आले. उद्घाटनाच्या समारंभास भाऊराव गेले. जाऊन आले ते सरळ भोजनाला बसावयास निघाले. व्यवस्थापक लठ्ठे यांनी स्नान करून सोवळे होण्यास सांगितले. भाऊरावांनी नकार दिला. माणसाच्या सहवासाने माणूस विटाळत नाही, अशी त्यांची भूमिका होती आणि तिच्यापासून ते तसूभरही ढळले नाहीत. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. महाराजांनी या हट्टी तरुणाला राजवाड्यावर आश्रय दिला.

या प्रसंगाचे कथन करताना लठ्ठे यांना खलपुरुष ठरविण्याची प्रथा पडून गेली आहे. ती योग्य नाही. लठ्ठे स्वतः विचाराने पुरोगामी होते. परंतु बोर्डिंग त्यांच्या एकट्याच्या विचारांवर चालत नव्हते. शंभर खेड्यांतील आई-वडिलांनी सोवळे-ओवळे सांभाळले जाईल या भरवशावर आपली मुले तेथे धाडली होती. देणगीदारांची मने होती. टपून बसलेले विरोधक होते. एका मुलाच्या अंघोळीवरून अवघी संस्था मोडली असती तर? विश्वस्त म्हणून काम केलेल्या कोणालाही ही चिंता समजू शकेल. आणि तरीही, ज्या धर्माच्या तीर्थंकरांच्या समवसरणात मनुष्यमात्रालाच नव्हे तर पशुपक्ष्यांनाही स्थान आहे, त्या धर्माच्या नावाने चालणाऱ्या भोजनगृहाच्या दारातून एक मुलगा या कारणास्तव परत गेला, ही वस्तुस्थिती राहतेच. संस्थेची सोय आणि धर्माचे तत्त्व यांत त्या दिवशी सोय जिंकली. नियम व्यवस्थापकाच्या बाजूने होता आणि धर्म विद्यार्थ्याच्या.

भाऊरावांचे शालेय शिक्षण पूर्ण झालेच नाही. १९०९ मध्ये कुंभोजच्या एका सुखवस्तू जैन घराण्यातील आदाक्का, म्हणजेच पुढील लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९१० मध्ये त्यांनी समविचारी मित्रांसह दूधगाव येथे विद्यार्थी आश्रम काढला. साताऱ्यास शिकवण्या केल्या. जगाच्या दृष्टीने मात्र ते एक नापास झालेले, स्थिर उद्योग नसलेले गृहस्थ होते.

१९१४ साली कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्यातील पुतळ्याला रात्रीतून कोणीतरी डांबर फासले. महायुद्धाच्या वर्षातील ही घटना. रेसिडेंटपासून दरबारापर्यंत सर्वांची धावपळ उडाली. गुन्हेगार सापडणे आवश्यक होते आणि लठ्ठ्यांच्या विरोधकांना संधी सापडली. खेदाची गोष्ट ही की, त्यांत जैन समाजातील मंडळीही होती. संशयाची सुई लठ्ठ्यांकडे वळविण्यात आली. परंतु पुरावा हवा होता. लठ्ठ्यांच्या जवळ राहिलेला आणि त्यांच्यावर राग असण्यास सबळ कारण असलेला साक्षीदार मिळाला तर उत्तमच. असा मनुष्य एकच होता, बोर्डिंगमधून घालवून दिलेले भाऊराव पाटील.

भाऊरावांना पकडून कोल्हापुरास आणले गेले. लठ्ठ्यांनीच हे कृत्य करविले असा जबाब द्या, म्हणजे सुटका, असे सांगण्यात आले. सहा वर्षांपूर्वीचा अपमान, हाती बेड्या, घरी तरुण पत्नी. एक खोटे वाक्य उच्चारले असते तर जुना हिशेबही चुकता झाला असता आणि दारही उघडले असते. भाऊरावांनी ते वाक्य उच्चारले नाही. मारहाण झाली, अनन्वित छळ झाला. तो असह्य होऊन त्यांनी कोठडीत असताना जीव देण्याचाही प्रयत्न केला. आत्मघात आणि सल्लेखना यांतील भेद येथे उपस्थित असलेल्या सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा त्या कृत्याला व्रताचा मुलामा देण्याचे कारण नाही. चहूबाजूंनी कोंडल्या गेलेल्या सत्तावीस वर्षांच्या माणसाची ती हतबलता होती. सुदैवाने ते वाचले. आणि जबाब त्यानंतरही तोच राहिला.

सत्यव्रत आपण सारेच घेतो. मित्रासाठी खरे बोलणे तुलनेने सोपे असते. ज्याने आपल्याला पंगतीतून उठविले त्याच्यासाठी मार खाऊन खरे बोलणे, ही गोष्ट वेगळ्या कोटीतील आहे. भाऊराव देवदर्शन, कर्मकांड यांत फारसे रमणारे नव्हते. सत्यशोधक विचारांकडे त्यांचा ओढा होता. त्यांना पुरेसे जैन न मानणारे लोक त्या काळी होते. त्यांच्यापैकी कितीजण या कसोटीस उतरले असते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

लठ्ठे त्या किटाळातून सुटले, परंतु १९१४ मध्येच कोल्हापूर सोडून ते बेळगावास वकिली करू लागले. दरबाराशी त्यांचे संबंध दुरावले होते. वास्तविक येथे कटुतेचा शेवट व्हावयाचा. तसे झाले नाही. ब्राह्मणेतर चळवळीत लठ्ठे आणि महाराज पुन्हा एका बाजूस आले. आणि १९२२ साली महाराजांचे निधन झाल्यावर दोनच वर्षांत, १९२४ मध्ये, त्यांचे दोन खंडांतील इंग्रजी चरित्र लिहून प्रसिद्ध केले ते याच लठ्ठ्यांनी. पुढे ते कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ च्या मुंबई प्रांतिक मंत्रिमंडळात अर्थमंत्रीही झाले. त्या पिढीतील माणसे भांडत, दुरावत, परंतु काम अडू देत नसत.

दरम्यान संस्थानात बदलांचा वेग वाढला होता. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्यात आले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होता. १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या स्वतंत्र शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वसाधारण शाळांत घेण्याचा हुकूम निघाला. मार्च १९२० मध्ये कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी अठ्ठावीस वर्षांचे डॉ. भीमराव आंबेडकर होते. महाराज स्वतः उपस्थित राहिले आणि तुम्हांला तुमचा पुढारी लाभला आहे, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढले. ही परिषद भरविण्यात पुढाकार घेणारे गावचे पाटील आप्पासाहेब दादगोंडा पाटील हे जैन होते. १९०८ ची बोर्डिंगची पंगत आणि १९२० चे माणगाव, यांमध्ये बाराच वर्षांचे अंतर आहे. समाज हलत होता तो असा. एका घरी दार लागत होते आणि दुसऱ्या घरी उघडत होते.

तुरुंगातून सुटलेले भाऊराव किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव हिंडले. या फिरतीत त्यांनी खेडे जवळून पाहिले. नांगर घेणाऱ्या शेतकऱ्याला पावतीवर अंगठा उठवावा लागतो, हे दृश्य त्यांच्या मनात रुतून बसले असल्यास नवल नाही. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे सत्यशोधक परिषद भरली आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी तेथेच रयत शिक्षण संस्थेचा जन्म झाला. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी वसतिगृह काढले. आता हे वसतिगृह त्यांचे स्वतःचे होते आणि त्याचे नियमही. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सर्वांची एक चूल, एक पंगत. १८९६ मध्ये राजाला जे साधले नव्हते आणि १९०८ मध्ये जैन बोर्डिंगला जे पेलले नव्हते, ते येथे रोज दोन वेळा घडू लागले.

या पंगतीचे श्रेय देताना लक्ष्मीबाईंचे नाव मागे पडते. सोवळ्याच्या कडक शिस्तीत वाढलेली ही जैन स्त्री. पतीच्या या खटाटोपात आरंभी त्यांच्या मनाची किती ओढाताण झाली असेल! परंतु एकदा मुले घरात आली आणि त्यांची आई होण्याची वेळ आली, तेव्हा त्यांनी सोवळे खुंटीवर ठेवले. कोठारात धान्य संपले की एकेक दागिना जाई. माहेरहून आलेले सोने मुलांच्या जेवणात खर्ची पडले आणि एका प्रसंगी धान्य भरण्यासाठी त्यांनी गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या धर्मात आहारदान हे श्रेष्ठ दानांपैकी एक मानले आहे, त्या धर्मातील एका गृहिणीने ते असे केले.

साताऱ्याच्या या वसतिगृहास २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी भेट दिली आणि त्यांच्या हस्ते त्याचे नामकरण झाले. भाऊरावांनी नाव निवडले होते ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’. बोर्डिंगचे दार बंद झाले त्या दिवसांत ज्यांनी राजवाड्याचे दार उघडले होते, त्यांचेच ते नाव होते. समारंभ आटोपला, पाहुणे गेले, आणि संध्याकाळी नेहमीप्रमाणे मुले पंगतीला बसली.

जय जिनेंद्र.